सरहद्दीवरचे शहर : रोम आणि इराण यांच्या झुंजीची सात शतके

युद्धाचा निकाल रणांगणावर लागतो आणि त्याचे फळ नकाशावर दिसते, अशी एक समजूत शाळेतल्या इतिहासाने आपल्या मनात रुजवलेली असते. विजेत्याच्या रंगाचा पट्टा पुढे सरकलेला आणि पराजिताचा मागे हटलेला दिसला, की लढाई कोणी जिंकली आणि किती जिंकली याचा हिशेब संपला, असे आपण धरून चालतो. परंतु रोम आणि इराण या प्राचीन जगातील दोन बलाढ्य सत्ता जवळजवळ सातशे वर्षे एकमेकींशी झुंजत राहिल्या, त्या झुंजीत असंख्य माणसे कामास आली, राजधान्या लुटल्या गेल्या, एक रोमन सम्राट जिवंत शत्रूच्या हाती सापडला आणि दुसऱ्याने शत्रूच्या मुलखात प्राण सोडला. आणि एवढे सगळे होऊन गेल्यावर इ.स. ६२८ साली मेसोपोटेमियात जी सरहद्द उरली, ती पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळच्या सरहद्दीपासून एखाद्या फौजेच्या दहा-बारा मजलांइतकीच पुढे होती. मग या युद्धांनी भूमीचे नेमके काय केले, आणि ज्यांच्या पायाखालची भूमी धन्यामागून धनी बदलत राहिली त्यांचे काय केले, हा प्रश्न मला लढायांच्या वर्णनांपेक्षा अधिक मोलाचा वाटत आला आहे.

त्याचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम त्या प्रदेशाची ठेवण ध्यानात घ्यावी लागते. युफ्रेटिस आणि टायग्रिस या दोन नद्या आर्मेनियाच्या डोंगरांतून निघून दक्षिणेकडे वाहतात, आणि त्यांच्या वरच्या अंगाला, जिथे त्या एकमेकींपासून बऱ्याच दूर असतात, तिथे गवताळ मैदानांचा आणि पिकाऊ जमिनीचा एक रुंद पट्टा पसरलेला आहे. या पट्ट्याच्या उत्तरेला बर्फाने महिनोन्‌महिने बंद होणाऱ्या घाटवाटा आणि दक्षिणेला पाण्याचा थेंब नसलेले वाळवंट. तेव्हा पन्नास हजारांची फौज घेऊन पश्चिमेकडून पूर्वेकडे किंवा पूर्वेकडून पश्चिमेकडे जावयाचे, तर वाटा दोन-तीनच. आणि त्या प्रत्येक वाटेवर पाणी, धान्य आणि वैरण यांचा साठा बाळगून बसलेली तटबंदीची शहरे. एडेसा, कारी, अमिदा, सिंगारा आणि या सर्वांत मातब्बर असे निसिबिस. ज्याच्या हाती ही ठाणी, त्याच्या हाती मुलूख. ठाणे हातचे गेले की भोवतालची शेकडो गावे कोणाची, हा प्रश्नच उरत नसे. या झुंजीतील तहनामे वाचताना चौरस मैलांचा हिशेब कुठेही आढळत नाही. शहरांची आणि किल्ल्यांची नावे आढळतात, आणि जकातीच्या नाक्यांचीही आढळतात.

रोमची आणि इराणच्या पार्थियन राजवटीची पहिली सरकारी गाठ इ.स.पू. ९२ च्या सुमारास युफ्रेटिसच्या काठी पडली. सुल्ला हा रोमन सेनानी आणि ओरोबाझस हा पार्थियन वकील यांच्यात तिथे बोलणी झाली, आणि पुढे ती नदी म्हणजे दोन सत्तांमधली मर्यादा, असा समज हळूहळू दृढ होत गेला. तो मोडण्याची पहिली मोठी खटपट क्रॅसस या धनाढ्य रोमनाने केली. इ.स.पू. ५३ साली, सीझर आणि पॉम्पी यांच्या बरोबरीची कीर्ती मिळवावी या हव्यासाने, सुमारे चाळीस हजारांची फौज घेऊन तो नदी ओलांडून गेला आणि कारीजवळच्या उघड्या मैदानात सुरेना या पार्थियन सेनापतीच्या घोडेस्वार तिरंदाजांनी ती फौज धुळीस मिळविली. प्लुटार्कने वीस हजार मृत आणि दहा हजार बंदिवान असा आकडा दिला आहे. रोमन पलटणींची गरुडध्वजे पार्थियनांच्या हाती गेली, ती ऑगस्टसने इ.स.पू. २० साली, एकही लढाई न करता, नुसत्या वाटाघाटींनी परत मिळविली आणि त्या गोष्टीचा गाजावाजा मोठ्या विजयासारखा केला. मुलखाच्या दृष्टीने पाहू जाता, इतक्या मोठ्या अनर्थाने सरहद्द जागची हलली नाही.

आर्मेनियाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते, कारण ते राज्य दोघांच्याही उशाशी होते आणि ते दुसऱ्याच्या पूर्ण अंमलाखाली गेलेले दोघांनाही परवडणारे नव्हते. नीरोच्या कारकिर्दीत, इ.स. ६३ साली, ऱ्हँडिया येथे जी तडजोड झाली तिच्यातले शहाणपण मला आजही वाखाणण्याजोगे वाटते: आर्मेनियाच्या गादीवर राजा पार्थियन राजघराण्यातला बसावा, पण त्याच्या मस्तकी मुकुट रोमच्या सम्राटाने ठेवावा. त्याप्रमाणे इ.स. ६६ साली तिरिदातेस हा राजपुत्र मोठ्या लव्याजम्यानिशी रोमला गेला आणि नीरोच्या हातून त्याचा राज्याभिषेक झाला. एका बाजूला रक्ताचे नाते राहिले, दुसऱ्या बाजूला मान राहिला, आणि निदान अर्धशतक तरी त्या डोंगरांत मोठी फौज उतरली नाही.

सम्राट ट्रेजनला ही तडजोड मानवली नाही. इ.स. ११४ मध्ये त्याने आर्मेनिया खालसा करून त्याचा रोमन सुभा केला, पुढे मेसोपोटेमिया जिंकला, इ.स. ११६ मध्ये पार्थियनांची राजधानी टेसिफोन घेतली आणि थेट इराणी आखाताच्या मुखाशी जाऊन पोहोचला. तिथे हिंदुस्थानाकडे निघालेले एक गलबत त्याच्या दृष्टीस पडले, आणि आपण तरुण असतो तर अलेक्झांडरप्रमाणे आपणही तिकडे गेलो असतो, अशी हळहळ त्याने व्यक्त केली, असे कॅसियस डिओ या इतिहासकाराने नमूद केले आहे. त्या काळी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील भडोच आणि कल्याण ही बंदरे पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चांगली परिचित होती, हे ध्यानात घेतले म्हणजे सम्राटाच्या त्या हळहळीमागे अलेक्झांडरच्या कीर्तीबरोबर मिऱ्यांचा आणि तलम कापडाचा विचारही असावा, असे मानण्यास जागा आहे. परंतु तो आखातावर उभा असतानाच मागे जिंकलेल्या शहरांतून बंडे उठली होती. इ.स. ११७ च्या ऑगस्टमध्ये परतीच्या वाटेवर ट्रेजन निवर्तला, आणि त्याच्या मागून गादीवर आलेल्या हेड्रियनने नव्याने मिळविलेले ते सगळे सुभे सोडून देऊन फौज युफ्रेटिसच्या अलीकडे आणली. रोमच्या नकाशावरचा सर्वांत मोठा रंगीत पट्टा पुरती तीन वर्षेही टिकला नाही, आणि तरीही आजच्या बहुतेक पुस्तकांतून रोमन साम्राज्याचा नकाशा म्हणून तोच छापला जातो!

पुढे इ.स. १६५ मध्ये टेसिफोन पुन्हा लुटले गेले, आणि तिथून परतलेल्या फौजेबरोबर जी साथ पश्चिमेत आली तिने रोमन प्रांतांत वर्षानुवर्षे मृत्यूचे थैमान घातले. त्यानंतर सेप्टिमियस सेव्हेरस या सम्राटाने शतकाच्या अखेरीस निसिबिससह उत्तर मेसोपोटेमिया खालसा केला आणि सीरियाच्या रक्षणासाठी आपण ही भक्कम भिंत उभारली आहे, असे मोठ्या अभिमानाने सांगितले. त्याच्याच सिनेटमध्ये बसणाऱ्या कॅसियस डिओने मात्र या विजयावर जो शेरा मारला आहे तो राज्यकारभाराच्या कोणत्याही दप्तरात जपून ठेवावा असा आहे. या प्रांतापासून उत्पन्न अत्यल्प आणि खर्च मात्र प्रचंड, आणि ज्यांच्या शेजाराला आपण आता जाऊन भिडलो आहोत त्या लोकांची भांडणे आपल्याला आपली म्हणून लढावी लागत आहेत, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. पुढल्या चार शतकांचा इतिहास डिओच्या बाजूने साक्ष देतो. युफ्रेटिस ही सरहद्द असताना दोघांमध्ये एक नदी होती. आता दोघांमध्ये फक्त तटबंदीची शहरे उरली, आणि त्यांपैकी प्रत्येक शहर म्हणजे पुढच्या युद्धाचे एकेक निमित्त ठरले.

इ.स. २२४ मध्ये अर्दशीराने पार्थियन राजाचा पाडाव करून ससानी राजवट स्थापन केली, तेव्हा या निमित्तांना धार चढली. नव्या घराण्याने जुन्या हखामनी सम्राटांच्या वारशावर हक्क सांगितला असल्याने सीरिया आणि आशिया मायनर हेही आपल्या पूर्वजांचे वतन आहे, अशी भाषा इराणी दरबारातून ऐकू येऊ लागली. अर्दशीराचा पुत्र पहिला शापूर याने इ.स. २६० मध्ये एडेसाजवळ व्हॅलेरियन या रोमन सम्राटाला कैद केले. नक्श-इ-रुस्तम येथील कातळावर त्या प्रसंगाचे शिल्प कोरलेले आहे आणि जवळच्या वास्तूवर तीन भाषांतून लिहिलेल्या लेखात जिंकलेल्या शहरांची लांबलचक यादी दिलेली आहे. पण ती यादी वाचून सीरियातील अँटिऑकपर्यंतचा मुलूख शापूरने आपल्या राज्याला जोडला असे कोणी समजेल तर फसेल. त्याने ती शहरे घेतली, रिकामी केली आणि सोडून दिली. जमीन जागेवर राहिली आणि माणसे गेली. अँटिऑकचे विणकर, गवंडी, वैद्य आणि धर्मगुरू यांना कुटुंबांसह शेकडो मैल दूर खुजिस्तानात नेऊन वसविण्यात आले. गुंदेशापूर हे शहर त्यांच्याच वस्तीने उभे राहिले, आणि शुश्तर येथे कारून नदीवर रोमन बंदिवानांच्या हातून बांधला गेलेला म्हणून जो पूलवजा बांध दाखवितात त्याला आजही ‘बंद-इ-कैसर’ हेच नाव आहे. ज्या काळात पडीक जमीन मुबलक आणि कसबी हात दुर्मिळ, त्या काळात राजाला भूमीपेक्षा माणूस लुटून नेणे अधिक किफायतशीर वाटावे, यात नवल नाही. पण ज्यांच्या वाट्याला हे आले त्यांच्यासाठी प्रदेश गमावणे या शब्दांचा अर्थ किती वेगळा होता, हे राजकीय नकाशा कधीही सांगू शकणार नाही.

शतकाच्या अखेरीला पारडे फिरले. इ.स. २९८ मध्ये गॅलेरियस या धाकट्या रोमन सम्राटाने आर्मेनियात नर्सेह या इराणी शहाचा दारुण पराभव केला आणि त्याचा जनानखानाही ताब्यात घेतला. अफार्बान नावाचा इराणी वकील बोलणी करावयास आला, तेव्हा ही दोन राज्ये म्हणजे जगाचे दोन दीप आहेत, एकाने दुसऱ्याला विझवू नये, अशा आशयाचे आर्जव त्याने केले. त्यावर गॅलेरियसने व्हॅलेरियनची आठवण काढून संताप व्यक्त केला. तरी थोरला सम्राट डायोक्लेशियन अधिक दूरदृष्टीचा होता. संपूर्ण इराण जिंकण्याची हाव न धरता त्याने जो तह केला, त्याची कलमे सुदैवाने एका बायझंटाईन लेखकाच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत आली आहेत. टायग्रिसच्या पलीकडचे पाच प्रांत रोमच्या वर्चस्वाखाली यावेत, टायग्रिस ही दोन राज्यांमधील मर्यादा असावी, आर्मेनियाची हद्द झिंथा या किल्ल्यापर्यंत असावी, कॉकेशसमधील इबेरियाच्या राजाने आपली राजचिन्हे रोमकडून घ्यावीत, आणि दोन साम्राज्यांमधील व्यापार फक्त निसिबिसच्या पेठेतूनच चालावा.

नर्सेहने पाच प्रांतांविषयी अवाक्षर काढले नाही. हरकत घेतली ती केवळ शेवटच्या कलमाला, आणि तीही मान्य झाली नाही. मला या एका हरकतीत त्या काळचे सारे अर्थकारण साठवलेले दिसते. पूर्वेकडून येणारे रेशीम, मसाले, सुगंधी द्रव्ये आणि रत्ने यांची एकमेव उतारपेठ जर रोमच्या तटाआड असेल, तर जकात रोमच्या तिजोरीत पडणार, भाव रोमन व्यापाऱ्यांच्या सोयीने ठरणार, आणि व्यापाऱ्यांच्या वेषात फिरणाऱ्या हेरांवर नजर ठेवणेही रोमलाच सोपे जाणार. डोंगरातले पाच प्रांत गेले तर त्यांचे स्थानिक सरदार तसेही निम्मे स्वतंत्रच होते. पेठ गेली की दर वर्षी पैसा गेला.

म्हणूनच दुसऱ्या शापूरने गादीवर जम बसताच आपली सगळी ताकद या एका शहरावर लावली. इ.स. ३३७ आणि ३५० यांच्या दरम्यान त्याने निसिबिसला तीनदा वेढा घातला आणि तिन्ही वेळा त्याला हात हलवीत परतावे लागले. तिसऱ्या वेढ्यात त्याने शहराजवळून वाहणारी मिग्डोनियस नदी बांध घालून अडविली आणि तिचे पाणी तटावर सोडले. तटाचा मोठा भाग ढासळला. परंतु इराणी स्वारांचे घोडे आणि हिंदुस्थानातून आणविलेले हत्ती चिखलात रुतून बसले, आणि शहरवासीयांनी, ज्यांत स्त्रिया आणि मुलेही होती, रातोरात मागे दुसरी भिंत उभी केली. एफ्रेम हा सिरियाक भाषेतील थोर कवी या काळात त्याच शहरात राहत होता आणि वेढ्यांतून वाचलेल्या आपल्या नगरीवर त्याने स्तोत्रे रचली. ज्या शहराने शापूरसारख्या शहाला तीनदा परतविले, ते पुढे लढाईत पडलेच नाही. ते लेखणीच्या एका फटकाऱ्याने गेले.

इ.स. ३६३ साली ज्युलियन हा तरुण, विद्वान आणि धाडसी सम्राट मोठी फौज घेऊन टेसिफोनपर्यंत गेला. राजधानीचा तट अभेद्य दिसला, तेव्हा त्याने बरोबर आणलेल्या नावा जाळून टाकल्या आणि तो उत्तरेकडे वळला. इराण्यांनी पुढची शेते पेटवून दिलेली असल्यामुळे रसद तुटली, आणि २६ जूनला एका चकमकीत भाल्याची जखम होऊन ज्युलियन मरण पावला. घाईने निवडलेला नवा सम्राट जोव्हियन याच्यासमोर एकीकडे उपासमार आणि दुसरीकडे शापूरचे वकील उभे होते. वाटाघाटींत चार दिवस गेले, आणि तेवढ्या अवधीत फौज आपल्या हद्दीत सुखरूप पोहोचू शकली असती, असे अम्मियानस मार्सेलिनस या इतिहासकाराने तळमळून लिहिले आहे. अम्मियानस हा त्या मोहिमेत स्वतः होता; त्याचे सगळे म्हणणे मान्य करता आले नाही तरी त्याच्या वेदनेविषयी शंका घेता येत नाही. तीस वर्षांचा तह झाला. टायग्रिसपलीकडचे पाच प्रांत पंधरा किल्ल्यांसह गेले, सिंगारा गेले, आणि निसिबिस गेले. रोमन वकिलांना एवढेच साधले, की निसिबिस आणि सिंगारा येथील रहिवाशांना इराणी अंमलाखाली न ठेवता बाहेर पडू द्यावे. माणसे तेवढी वाचली. घरेदारे, शेतीवाडी आणि पूर्वजांची थडगी गेली.

पुढचा प्रसंग अम्मियानसने लिहिलेला आहे आणि मला तो प्राचीन इतिहासातील अत्यंत हृदयद्रावक प्रसंगांपैकी एक वाटतो. जोव्हियन निसिबिसच्या वेशीबाहेर तळ ठोकून राहिला. अजिंक्य शहर आपल्या उपस्थितीत शत्रूच्या हवाली होताना पाहण्याची शरम वाटून त्याने, नागरिकांनी वारंवार विनविले तरी, आत पाऊल टाकले नाही. बिनेसेस नावाचा इराणी सरदार आला आणि त्याने बालेकिल्ल्यावर आपले निशाण चढविले. शहरातील लोक हात जोडून सम्राटाला विनवू लागले, की आम्हाला सरकारी शिबंदी नको, धान्य नको, पैसा नको. आमचे शहर आम्हीच लढवू, पूर्वीही लढविले आहे, फक्त आम्हाला तशी मोकळीक असावी. सम्राटाने आपण शपथेने बांधलेलो असल्याचे सांगितले. तीन दिवसांत शहर सोडण्याचा हुकूम निघाला. ओझ्याची जनावरे पुरेशी नव्हती, म्हणून लोकांनी मौल्यवान सामान घरातच टाकले आणि जे पाठीवर मावले ते घेतले. बायका ज्या उंबऱ्याच्या आत लहानाच्या मोठ्या झाल्या त्याला मिठी मारून आक्रोश करीत होत्या, आणि सगळे रस्ते माणसांनी भरून गेले. एफ्रेमने ते इराणी निशाण आणि तटाबाहेर ठेवलेली ज्युलियनची शवपेटी ही दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि मग तो इतरांसारखाच निर्वासित होऊन पश्चिमेकडे निघाला; त्याचे उरलेले आयुष्य एडेसात गेले. बरेचसे लोक अमिदात जाऊन राहिले. रिकाम्या निसिबिसमध्ये शापूरने इश्तखर, इस्फहान आदी ठिकाणांहून बारा हजार लोक आणून वसविले, असे ताबरी या इतिहासकाराने लिहिले आहे. म्हणजे त्यांनाही आपापली गावे सोडावीच लागली.

जोव्हियनला दोष देणाऱ्यांची तेव्हाही कमतरता नव्हती आणि आजही नाही. माझ्या मते दोष असेल तर तो अधिक ज्युलियनचा आहे. उपाशी फौजेच्या वतीने सही करणाऱ्यापेक्षा, तिला उपासमारीपर्यंत नेऊन पोहोचविणाऱ्याला इतिहासाने अधिक कठोर प्रश्न विचारावयास हवेत. त्याची विद्वत्ता आणि त्याचे शौर्य मला मान्य आहे, पण त्याच्या एका मोहिमेची किंमत निसिबिसच्या लोकांनी चुकविली, आणि ते शहर पुन्हा कधीही रोमच्या हाती आले नाही. शंभरावर वर्षांनी सिरियाक बखरीत एक गोष्ट आढळते, की ते शहर फक्त एकशे वीस वर्षांच्या मुदतीने दिलेले होते आणि मुदत संपल्यावर ते परत मिळावयाचे होते. अशा कलमाचा पुरावा अम्मियानसमध्ये नाही. पण ही गोष्ट पुढल्या काळात राजकारणात वापरली गेली हे खरे, आणि गमावलेल्या गावाविषयी लोकांच्या मनात आशा किती काळ जिवंत राहते, याचाही तो एक दाखला आहे.

तहातच आर्मेनियाच्या राजाला रोमने मदत करू नये, असेही ठरले होते. त्याचा परिणाम चोवीस वर्षांनी दिसला. इ.स. ३८७ च्या सुमारास दोन साम्राज्यांनी आर्मेनिया आपसात वाटून घेतला. सुमारे चार पंचमांश भाग इराणकडे आणि उरलेला रोमकडे. रोमन भागातले राजपद थोड्याच वर्षांत संपले, इराणी भागातले इ.स. ४२८ मध्ये संपले. ऱ्हँडियाच्या तडजोडीने ज्या राज्याला दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये श्वास घेण्याची जागा ठेवली होती, ते नाहीसे झाले. आणि नेमक्या याच काळात, इ.स. ४०५ च्या सुमारास, मेस्रोप माश्तोत्स या धर्मपुरुषाने आर्मेनियन भाषेसाठी लिपी घडविली. राज्य गेल्यावर त्या लोकांनी आपली वस्ती पुस्तकांत केली, आणि ती वस्ती आजतागायत उठलेली नाही.

पाचव्या शतकात बरीच शांतता होती. इ.स. ४०८-४०९ च्या एका रोमन कायद्याने व्यापारासाठी निसिबिस, कॅलिनिकम आणि आर्ताक्साता ही तीनच ठिकाणे मुक्रर केली, आणि दोघांनीही सरहद्दीजवळ नवी तटबंदी करू नये असाही करार झाला. तो मोडला रोमने. इ.स. ५०५ ते ५०७ च्या दरम्यान, इराणचा शहा दुसऱ्या आघाडीवर गुंतलेला असताना, अनास्तासियस या सम्राटाने निसिबिसपासून एका दिवसाच्या चालीवर दारा नावाच्या खेड्याचे बळकट शहर बनविले; उंच तट, पाण्याची प्रचंड टाकी, धान्याची कोठारे. गेलेल्या निसिबिसचा हा पर्याय होता, आणि पुढच्या शतकात इराणची प्रत्येक तक्रार दाराच्या नावाने सुरू होत असे. सम्राट जस्टिनियनने इ.स. ५३२ मध्ये अकरा हजार पौंड सोने देऊन ‘चिरंतन’ तह केला, तो आठ वर्षे टिकला, इ.स. ५४० मध्ये पहिल्या खुसरोने अँटिऑक जाळले आणि तिथले लोक उचलून टेसिफोनजवळ त्याच शहराच्या नमुन्यावर बांधलेल्या नव्या वस्तीत नेले.

इ.स. ५६२ च्या पन्नास वर्षांच्या तहाची कलमे तर मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. रोमने दर वर्षी तीस हजार सुवर्णमुद्रा द्याव्या, व्यापाऱ्यांनी ठरलेल्या नाक्यांवरूनच ये-जा करावी, दाराचा तट राहू द्यावा पण तिथे पूर्वेकडील सरसेनापतीचा तळ असू नये, आणि एका बाजूच्या रयतेने दुसऱ्या बाजूच्या रयतेचे नुकसान केल्यास सरहद्दीवर दोन्हीकडच्या अंमलदारांनी बसून निवाडा करावा. शतकानुशतके भांडून थकलेल्या दोन सरकारांनी शेवटी शेजारधर्माचे नियम लिहून काढले होते. दहा वर्षांनी नवा रोमन सम्राट दुसरा जस्टिन याने ही रक्कम म्हणजे खंडणी ठरवून ती बंद केली; इ.स. ५७३ मध्ये दारा इराणच्या हाती पडले आणि त्या बातमीने सम्राटाच्या बुद्धीवर परिणाम झाला, असे समकालीनांनी नोंदविले आहे.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. इ.स. ५९१ मध्ये मॉरिस या सम्राटाने पदच्युत झालेल्या दुसऱ्या खुसरोला गादीवर बसविले आणि मोबदल्यात दारा व आर्मेनियाचा मोठा भाग मिळविला. निसिबिस मात्र इराणकडेच राहिले. इ.स. ६०२ मध्ये मॉरिसचा खून झाला, त्याचा सूड हे निमित्त करून खुसरोने जे युद्ध पेटविले ते पंचवीस वर्षे चालले. इ.स. ६१४ मध्ये जेरुसलेम पडले, त्यानंतर इजिप्त गेला, आणि इजिप्तचे धान्य येईनासे झाल्यावर राजधानी कॉन्स्टँटिनोपलमधील मोफत भाकरीवाटप बंद करावे लागले. सम्राट हेराक्लियसने चर्चमधली चांदी वितळवून नाणी पाडली, आर्मेनियाच्या डोंगरांतून इराणच्या पाठीवर चाल केली, आणि इ.स. ६२७ च्या डिसेंबरात निनवेजवळ इराणी फौज मोडली. पुढच्या वर्षी खुसरोला त्याच्याच सरदारांनी पदच्युत करून ठार केले. तह झाला आणि सरहद्द पुन्हा इ.स. ५९१ च्या जागी गेली.

म्हणजे पंचवीस वर्षांच्या त्या सर्वनाशाने कोणालाही एका गावाचा लाभ झाला नाही. आणि ती सरहद्द तरी टिकली असेल म्हणावे, तर तेही नाही. दोन्ही तिजोऱ्या रित्या, दोन्ही फौजा खिळखिळ्या, इराणात चार वर्षांत एकामागून एक राजे आणि राण्या गादीवर आल्या आणि गेल्या. आणि ज्या दक्षिणेच्या वाळवंटाकडे उभय पक्षांनी फक्त भाडोत्री टोळ्यांचा मुलूख म्हणून पाहिले होते, तिथून अरबांच्या फौजा निघाल्या. इ.स. ६३६ मध्ये यार्मूकच्या लढाईने सीरिया रोमच्या हातून गेला, पुढच्याच वर्षी टेसिफोन पडले, इ.स. ६४२ पर्यंत इजिप्तही गेला, आणि इ.स. ६५१ मध्ये शेवटचा ससानी शहा यज्दगर्द मर्व्हजवळ मारला गेला. त्या पडझडीतून आपला धर्म घेऊन जे समुद्रमार्गे गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले त्यांचे वंशज मुंबईच्या मराठी वाचकाला परके नाहीत. पारशी पंचांगातील वर्षगणना आजही यज्दगर्दच्या राज्यारोहणापासूनच मोजली जाते. रोम आणि इराण यांनी एकमेकांना वाचविले असते तर अरबांचा विजय अडला असता की नाही, हे सांगणे कठीण आहे. पण तो इतक्या त्वरेने झाला नसता, एवढे मी निःशंकपणे म्हणेन.

निसिबिसचे आजचे नाव नुसायबिन असून ते तुर्कस्तानात आहे. इ.स. ३५९ साली, तिसऱ्या वेढ्यानंतर आणि शहर हवाली होण्याच्या चारच वर्षे आधी, तिथल्या बिशपने बांधविलेली बाप्तिस्म्याची दगडी वास्तू तिच्यावरील ग्रीक लेखासह गावात अजून उभी आहे. तुर्कस्तान आणि सीरिया यांची सरहद्द या गावाला लागूनच जाते आणि तिच्या पलीकडे कामिश्ली हे शहर आहे. ही सरहद्द रोमने आखली नाही आणि इराणनेही नाही. ती १९२१ साली अंकारा येथे फ्रान्स आणि तुर्की सरकार यांच्यात झालेल्या कराराने ठरली. त्या करारात नुसायबिनपर्यंत आगगाडीचा मार्ग हीच हद्द मानली असून, तिथून पुढे टायग्रिसपर्यंत जुना रस्ता हीच हद्द मानली आहे.